आडवा वारा

मृग नक्षत्र निघालं, की आमच्या गेवराईत माणसं शिडी लावून घरावर चढतात आणि पत्र्यांवरचे दगड नीट करतात. पाऊस पडेल की नाही, याचा भरवसा मराठवाड्यात कुणी देत नाही. वारा मात्र येतो. पश्चिमेकडून येतो आणि आषाढ संपेपर्यंत गावात मुक्काम ठोकतो. दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात. ओट्यावर बसून बोलायचं तर निम्मं वाक्य वाराच घेऊन जातो.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी मुलगी संध्याकाळी बीडहून घरी आली. तिथं रक्त तपासणीच्या एका प्रयोगशाळेत ती नोकरी करते. गेवराई ते बीड तीस-पस्तीस किलोमीटर, रोजचं जाणं-येणं स्कूटरवर, कारण एसटीच्या वेळा तिच्या ड्यूटीशी जुळत नाहीत. तिनं हेल्मेट ओट्यावर ठेवलं, पाणी प्याली आणि घरातल्या बोलीत विचारलं, “अब्बा, हवा आयी की गाडी बाजू में कायको सरकती?”

मी म्हणालो, “हळू चालवत जा.”

हे काही उत्तर नव्हे, हे तिला कळलं आणि मलाही. ती हसून आत गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. चार दिवसांनी तिला जे सांगितलं, तेच आज तुमच्यापुढं मांडतो. मी शास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. आमच्या घरात वाऱ्याला हवा म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी. उर्दू शायरीत पहाटेची ‘सबा’ प्रियेचा निरोप घेऊन येते. मराठीत आलो की तीच हवा वारा होते, पुल्लिंगी होते आणि कानात शिरली तर वासराला उधळायला लावते. मी दोन्ही भाषांत वाऱ्यावर पुष्कळ लिहिलं. पण रस्त्यावरच्या वाऱ्याबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते पुस्तकातून आलेलं नाही. ते शहागडच्या पुलावर कळलं, आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या भावानं मोजली.

साल १९९६, महिना आषाढाचा. बहिणीचं लग्न ठरलं होतं. अंबडला मामांकडं नवी गादी भरून तयार होती, ती आणायला आम्ही दोघं भाऊ मित्राची राजदूत घेऊन गेलो. परतताना गाडी मी चालवत होतो. गादी गुंडाळून, सुतळीनं बांधून आमच्या दोघांच्या मधे उभी धरली होती आणि भावानं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. गादी त्याच्या डोक्याच्याही वर आलेली. अंबड सोडल्यापासून वारा होता, पण गाडी नीट चालत होती. शहागड मागं टाकलं आणि गोदावरीच्या पुलावर चढलो.

तेव्हा रस्ता चौपदरी नव्हता. येणारं-जाणारं सगळं एकाच पुलावरून. पुलावर वारा दुप्पट वाटला. उजवीकडून येत होता. मी हँडल घट्ट आवळलं, दात आवळले आणि नेट लावून चाललो. समोरून एक ट्रक आला. तो शेजारून जाताना गाडी एकदम उजवीकडं, ट्रकच्याच दिशेनं झुकली. मी घाबरून ती डावीकडं ओढली. तेवढ्यात ट्रक निघून गेला आणि कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी डावीकडं फेकली गेली. कठड्याला घासत आम्ही पडलो. मला खरचटलं. भावाचा डावा कोपर कठड्यावर आपटला.

तो शिंपीकाम करतो. त्याचा डावा हात आजही कोपरात पूर्ण सरळ होत नाही. कापड मशीनखाली सरकवायला डावा हात किती लागतो, हे शिंप्यालाच विचारावं. मोठी शिलाई त्यानं सोडली आणि काज-बटणं, फॉल-पिको यावर संसार केला. त्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

जमलेले लोक म्हणाले, ट्रकनं कट मारला. मीही काही वर्षं तेच सांगत होतो. पण ट्रक आम्हाला लागला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग आम्हाला पाडलं कुणी?

पुढं एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मित्रानं मला हे समजावून दिलं. आम्ही चहा पीत होतो. त्यानं बशी बाजूला सारली आणि मला म्हणाला, “ऊठ, या भिंतीला खांदा लावून जोरात रेट.” मी रेटायला लागलो. मग त्यानं मला एका माणसाच्या खांद्याला खांदा लावायला सांगितलं आणि त्या माणसाला हळूच खुणावलं. तो झटकन बाजूला झाला. मी तोंडावर पडता पडता वाचलो. मित्र म्हणाला, “हा तुझा ट्रक.”

मग लख्ख समजलं. उजवीकडून वारा ढकलत होता, म्हणून माझ्याही नकळत मी गाडी थोडी उजवीकडं झुकवून चालवत होतो. वाऱ्याला खांदा लावला होता म्हणा ना. ट्रक वाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे माझ्या उजवीकडून गेला. क्षणभर त्यानं वारा अडवला. ज्याला टेकून मी चाललो होतो, तो आधारच निघून गेला, म्हणून गाडी ट्रककडं झुकली. मी ती डावीकडं ओढली, आणि नेमका त्याच वेळी ट्रक संपला, वारा परत आला, तोही डावीकडंच ढकलणारा. माझा ओढा आणि वाऱ्याचा धक्का एक झाले. ट्रकनं आम्हाला धक्का दिला नव्हता. त्यानं वारा अडवला आणि सोडला, एवढंच.

आज जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथं आहे. वारा सारखा एका जोरानं वाहत असेल तर तो दुचाकीला सहसा पाडत नाही. गाडी थोडी कलती ठेवली की ती मजेत चालते. घात होतो तो वारा बदलतो तिथं. एकदम थांबतो, एकदम सुरू होतो, एकदम दिशा फिरवतो. म्हणून वारा किती आहे यापेक्षा तो पुढं कुठं तुटणार आहे आणि कुठं जुळणार आहे, यावर नजर ठेवावी लागते.

आता थोडा हिशेब. याच मित्रानं तो बिलाच्या पाठीमागं करून दाखवला होता. गाडी आणि तिच्यावरचा माणूस बाजूनं पाहिला, तर वाऱ्याला सापडणारं अंग ढोबळ मानानं एक चौरस मीटर धरता येईल. ताशी ४० किलोमीटरचा वारा बरोबर आडवा आला तर या अंगावर सुमारे ७ किलो वजनाएवढा जोर पडतो. ६० चा वारा असेल तर १५-१६ किलो. आणि ८० चा असेल तर? वारा दुप्पट झाला म्हणून जोर १४ किलो होत नाही, तो २८ किलो होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट, की जोर चौपट. हा वर्गाचा नियम आम्ही शाळेत घोकला होता, पण तो रस्त्यावर भेटेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

सोळा किलो म्हणजे फार नाही, असं वाटेल. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो धरले, तर या जोराला तोलायला पाचेक अंशांचा कल पुरतो. डोळ्याला तो दिसतही नाही. पण हेच सोळा किलो अर्ध्या सेकंदात आले आणि अर्ध्या सेकंदात गेले, तर गाडी हातभर सरकते. आणि आपल्या रस्त्यांवर हातभर सरकायला जागा असतेच असं नाही. त्या दिवशी आमच्याकडं गादी होती. तिनं वाऱ्याला सापडणारं अंग किती वाढवलं, आणि तेही उंचावर, हे तुम्हीच पाहा. नावाड्यानं शीड उभारावं तशी आम्ही गादी उभारली होती.

वाऱ्याचा वेग आपल्याला कसा कळायचा? मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा येतो, त्यात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारे’ असं लिहिलेलं असतं. पण हा आकडा डोळ्यांपुढं येत नाही. ब्यूफर्ट नावाच्या एका ब्रिटिश दर्यावर्द्यानं १८०५ मध्ये वाऱ्याची एक पट्टी तयार केली होती, जहाजाच्या शिडांवरून वारा ओळखण्याची. पुढं जमिनीवरच्या खुणा घालून ती वाढवली गेली. तिचा मला झालेला उपयोग आपल्या भाषेत सांगतो. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले तर वारा २० ते २८ च्या घरात. छोटी झाडं डोलायला लागली तर ३०-३५. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात आणि छत्री धरवत नाही, तेव्हा ४० ते ५०. अख्खं झाड हलतंय आणि वाऱ्याच्या तोंडाला चालणं जड जातंय, तर ५० ते ६०. आणि डहाळ्या तुटून पडू लागल्या तर त्याच्याही वर. माझा घरातला कायदा असा आहे: तारांनी शिट्टी घातली की ‘जायलाच हवं का?’ असा विचार करायचा, आणि अख्खं झाड हललं की गाडी बाहेर काढायची नाही. आधीच रस्त्यावर असाल तर थांबायचं.

आता आमचा रस्ता. छत्रपती संभाजीनगरहून गेवराई-बीडमार्गे सोलापूरकडं जाणारा हा महामार्ग आमच्या भागात बराचसा उत्तर-दक्षिण धावतो. पावसाळी वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. म्हणजे जून ते ऑगस्ट वारा या रस्त्याला आडवा. बीडला जाताना तो उजव्या अंगाला लागतो, परतताना डाव्या. गढीहून माजलगावकडं जाणारा रस्ता पूर्वेला जातो, तिथं हाच वारा पाठीशी असतो आणि परतताना छातीवर. छातीवरचा वारा माणसाला दमवतो, पेट्रोल खातो, पण सहसा पाडत नाही. पाठीवरचा वारा तर मोठा लबाड. आपण किती वेगात आहोत हेच तो कळू देत नाही, अंगाला वारा लागत नाही म्हणून वेग वाढत जातो. पण पाडणारा वारा आडवाच.

गोदावरीचा पूल या सगळ्यांत वाईट. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते, वाराही तसाच. पात्रात झाड नाही, घर नाही, बांध नाही. वाऱ्याला मोकळी पेठ मिळते. पूल उंचावर, आणि जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा जोरात. त्यात पूल नदीला काटकोनात, म्हणजे वाऱ्यालाही काटकोनात. बीडच्या वाटेवर सिंदफणेच्या पुलावर हाच प्रकार लहान प्रमाणात होतो. पुलावर चढण्याआधी आडोसा असतो आणि पुलाच्या तोंडाशी तो संपतो. तोच क्षण जपायचा.

रस्ता चौपदरी झाला, समोरून येणाऱ्या ट्रकची भीती गेली, हे खरंच चांगलं झालं. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. ती सावली देत होती हे सगळ्यांना आठवतं. ती वारा गाळत होती, हे कुणी बोलत नाही. झाडांची रांग भिंतीसारखा वारा अडवत नाही, चाळणीतून पीठ पडावं तसा तो बारीक करून सोडते. आता वारा थेट अंगावर येतो, आणि मधेच उड्डाणपुलाची भिंत, भराव, धाबा, उभ्या कंटेनरची रांग लागली की तुटतो. रस्त्याला लागून उभा ऊस असेल तर तोही आडोसाच. फड जिथं संपतो तिथं पहिला झोत बसतो.

आमच्या बीडची ओळख ऊसतोडीची, म्हणून उसाच्या ट्रॉल्यांबद्दल कुणी विचारेल. ट्रॉल्या रस्त्यावर असतात ते हिवाळ्याचे महिने, तेव्हा वारा बहुधा मंद असतो. तिथं धोका वेगळा आहे, मागचा दिवा नसण्याचा. वाऱ्याच्या दिवसांतला धोका कंटेनरचा. तो उंच, सपाट आणि वेगवान. बीडहून परतताना वारा डावीकडून असतो. अशा वेळी एखाद्या सावकाश चाललेल्या कंटेनरला तुम्ही उजव्या बाजूनं मागं टाकता. तो शेजारी आहे तोवर गार, शांत वाटतं. त्याच्या तोंडापुढं आलात, की डावीकडून वारा थाडकन बसतो आणि तुम्हाला दुभाजकाकडं ढकलतो. मुलीला मी हेच दोनदा सांगितलं. शेजारी शांत वाटलं की समजायचं, आता पुढं धक्का आहे. त्यासाठी हात सैल ठेवायचे आणि दुभाजकाच्या अगदी जवळ जायचं नाही.

हात सैल. हे सांगायला सोपं आणि करायला सगळ्यांत कठीण. भीती वाटली की माणूस मूठ आवळतो. मीही आवळली होती. मूठ आवळली की कोपर ताठ होतात, आणि वाऱ्यानं शरीराला दिलेला प्रत्येक धक्का खांद्यातून थेट हँडलमध्ये उतरतो. वारा छातीला लागतो आणि वळतं चाक. दुचाकी चालू असताना स्वतःला बरीचशी सावरून घेते. तिला ते करू द्यावं. मोटारसायकलवर टाकीला गुडघे आवळून धरावेत, कमरेखालचं अंग घट्ट आणि वरचं मोकळं. स्कूटरला टाकी नसते, तिथं पाय फळीवर सपाट ठेवायचे आणि अंग थोडं पुढं झुकवायचं.

गाडी वाऱ्याकडं झुकवायची कशी, हेही उलटं आहे. वारा उजवीकडून येतोय, गाडी डावीकडं सरकतेय. तेव्हा उजव्या हाताची मूठ हलकेच पुढं दाबायची. चाक किंचित डावीकडं वळतं आणि गाडी उजवीकडं कलते. खोटं वाटत असेल तर तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी उजवीकडं कलावी असं वाटत असेल, तर हात आधी डावीकडं सरकवावा लागतो. चांगले चालवणारे हे रोज करतात, फक्त करतात हे त्यांना माहीत नसतं. मोकळ्या मैदानात, वारा नसताना, तीसच्या वेगानं हे करून पाहावं. पुलावर शिकायला जाऊ नये.

वेग कमी ठेवावा, हे मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो. ते चूक नव्हतं, अपुरं होतं. गाडीचा स्वतःचा वेग जितका जास्त, तितका आडव्या वाऱ्याचा जोरही वाढतो आणि सावरायला वेळही कमी मिळतो. पण अगदी रांगत चाललात तर चाकांचा तोल जातो आणि एक झोत गाडी आडवी करू शकतो. चाळीस-पंचेचाळीसचा वेग स्कूटरला बरा. आपली जागाही वाऱ्याप्रमाणं निवडावी. ज्या बाजूला वारा ढकलतो, त्या बाजूला सरकायला जागा सोडायची. बीडला जाताना वारा डाव्या कडेकडं ढकलतो, तर कडेपासून चार हात आत राहायचं. परतताना तो उजवीकडं ढकलतो, तर डावीकडून चालायचं. आपल्याकडं म्हण आहे, वारा पाहून पाठ द्यावी. दुचाकीवर वारा पाहून जागा सोडावी लागते.

अंगावरच्या कपड्यांचं सांगितलं तेव्हा मुलगी वैतागली, पण ऐकलं. ओढणीची टोकं आत खोचायची. सनकोटाची चेन वरपर्यंत लावायची, उघडा सनकोट म्हणजे पाठीवर बांधलेलं शीड. हेल्मेटचा पट्टा लावायचाच, न लावलेलं हेल्मेट वारा मागून उचलतो आणि गळ्याला फास बसावा तसं होतं. मागं बसणाऱ्या बायका साडी नेसून एका बाजूला बसतात. त्यांना आपण सल्ला देऊ, पण मागची सीट, साडी आणि गावची रीत यांचं भांडण माझ्यानं मिटणार नाही. निदान पदर खोचावा आणि आडव्या वाऱ्यात दोघांनी एकच अंग होऊन बसावं. मागच्यानं आपल्या मनानं उलट दिशेला झुकणं फार वाईट. आणि सामान? जड पण बसकं सामान चालतं. हलकं आणि मोठं चालत नाही. कडब्याची पेंढी, पत्रा, प्लॅस्टिकच्या टाक्या, थर्माकोल, गादी.

आतापर्यंत बोललो ते पावसाळ्याच्या नेमस्त वाऱ्याबद्दल. एप्रिल-मे महिन्यांतला वळवाचा वारा निराळा. त्याच्याशी कसलीच हुशारी करू नये. दुपारभर तापतं, चारच्या सुमारास काळा ढग उभा राहतो. त्या ढगातून गार हवा पावसासोबत धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि बादलीतलं पाणी फरशीवर ओतावं तशी चहूकडं पसरते. पाऊस मागून येतो, हा वारा आधी पोचतो, धुळीची भिंत उभी करत. घामेजलेल्या अंगाला एकदम गारवा लागला, तर खूश होऊ नये, तो गारवा म्हणजे निरोप आहे. हवामानशास्त्रात या चंडवाताची व्याख्याच अशी, की वारा एकाएकी ताशी तीसेक किलोमीटरनं वाढतो, चाळीसच्या वर जातो आणि निदान मिनिटभर टिकतो. कुठल्या बाजूनं येईल ते ढग कुठं आहे त्यावर. म्हणजे पश्चिम-बिश्चिम सगळे हिशेब रद्द.

अशा वेळी थांबायचं. पण कुठं? सवयीनं आपण झाडाखाली जातो. वळवात फांदीही पडते आणि वीजही. पत्र्याच्या शेडखाली नको, विजेच्या तारांखाली नको. जाहिरातीच्या फलकाजवळ तर मुळीच नको. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला एक अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं गेली. तिथं थांबलेल्या माणसांचं काही चुकलं नव्हतं. आडोसा शोधताना आधी वर पाहावं, एवढंच त्यातून मी घेतलं. पक्कं बांधकाम गाठावं, एखादं गाव, बँक, शाळा. उड्डाणपुलाखाली रस्त्यावरच घोळका करून उभं राहणं हे पावसात नेहमीचं दृश्य झालंय. धुळीतून येणाऱ्या ट्रकला तो घोळका दिसत नाही.

गाडी उभी करायची तीही विचारानं. बाजूचा स्टँड डावीकडं असतो. म्हणून वारा उजवीकडून यावा अशी गाडी वळवून लावायची, म्हणजे वारा तिला स्टँडवरच दाबतो. उलट लावली तर उचलून पाडतो. गिअरची गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवायची.

एक गोष्ट मला खटकते. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची. सरकारी अहवालात पाऊस, धुकं, गारा यांचे रकाने आहेत. वाऱ्याला रकाना नाही. वाऱ्यानं पडलेला माणूस ‘वेग जास्त’ किंवा ‘ताबा सुटला’ या नावाखाली जातो. परवाना देताना आठचा आकडा काढायला लावतात, तोही वारा नसताना. पुलावर हात सैल ठेव, असं मला १९९६ साली कुणी सांगितलं असतं तर, हा विचार मी अनेकदा केलाय. सांगणाऱ्यालाच माहीत नसेल, तर सांगणार कोण?

तर त्या चार दिवसांनंतरच्या रविवारी मुलीला घेऊन मी रस्त्यावर गेलो. ती स्कूटरवर पुढं, मी माझ्या मोटारसायकलवर मागं. बीडकडं नाही, मुद्दाम उत्तरेला, गोदावरीकडं नेलं. वारा डावीकडून होता, तारा शिट्टी घालत नव्हत्या, धूळ उडत होती. पुलाच्या अलीकडं तिनं वेग उतरवला. तोंडाशी पहिला झोत बसला तेव्हा तिची स्कूटर वीतभर सरकली आणि लगेच कलती होऊन सरळ चालू लागली. तिचे कोपर मला मागून दिसत होते. ते वाकलेले होते. माझे मात्र, माझ्या लक्षात आलं, ताठ होते. इतक्या वर्षांनीही त्या पुलावर माझी मूठ आवळलीच जाते.

शहागडला चहा घेतला. परतताना तिनं चाचाला फोन लावला आणि सांगितलं, “चाचा, पूल पार कर के आयी.” पलीकडून माझा भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, वारा होता. तिनं फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाली, “चाचा पूछ रहे, अब्बा गिरे तो नहीं?”